रकाना वाढवताना

महाप्याहून निघालो तेव्हा लॅपटॉप मिटला नव्हता,
रिक्षात मांडीवर उघडाच,
तुर्भ्याच्या सिग्नलला बॅटरी अकरा टक्के.
शीतगृह बंद ठेवायचं नाही, कोठारींची एकच अट.
"ट्रक खोळंबले की माल घाम धरतो, साहेब.
काय ते चालू गाडीत बदला."

चालू गाडीत.
म्हणजे असं, की टेबल तिथे डिस्कवर पडलेलं,
सात रकाने, चौदा लाख ओळी,
आणि इकडे माझा क्लास, सकाळी सातला उठलेला,
त्याला आपले तेवढेच सात अवयव ठाऊक.
मधे एक दुभाष्या.
वस्तूची ओळ करतो, ओळीची वस्तू करतो,
सर्व्हर सुरू होताना एकदा नकाशा पाठ करतो
की पुन्हा म्हणून खाली बघत नाही.
जमीन बदलली तरी
जुन्याच दारावर टकटक.

त्याला विसरायला शिकवलं मी.
तीन रात्री गेल्या त्यात.
बटण दाबलं की आधी टेबलाला नवा रकाना फुटतो,
तेवढा वेळ कुलूप, सगळ्या चौकश्या रांगेत,
काट्यावरचा ट्रक हॉर्न मारतो;
मग नवा नकाशा लिहायचा,
आणि वाटेत असलेल्यांना
जुन्या नकाशावरच घरी पोचवून
मगच तो फाडायचा.
हे शेवटचं पहिल्या रात्री विसरलो
आणि चाळीस पेट्या सफरचंदं अधांतरी:
दाराच्या आत आलेली,
कुठल्याच ओळीत नसलेली.

मग बटण त्यांच्या हाती दिलं.
कोठारींनी 'ओलावा' वाढवला.
कुणीतरी 'पेटीवरचा शिक्का'.
'टेस्ट' आणि 'टेस्ट२' माझे, काढायचे राहिलेत.
आणि सोमवारी नोंदवहीत दिसलं:
रात्री दोन दहा, नवा रकाना, 'वास',
मजकूर, कमाल अक्षरं दोनशे पंचावन्न,
वाढवणार: भानुमती वैती, काटा, रात्रपाळी.

कुणी मागितला नव्हता.
खाली नोंदी:
आंबूस.
ओल्या गोणपाटाचा.
नीट नाही, ड्रायव्हरला विचारा.
चिंच, पण मागच्या वर्षाची.

कोठारी म्हणाले, जुन्या चौदा लाखांत
'वास नाही' भरून टाका, रिकामं बरं दिसत नाही.
मी म्हटलं, नको.
वास होता.
कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.
ते नल म्हणून राहू दे.
त्यांना पटलं नाही. बिल मात्र दिलं, अर्धं.

एक गोष्ट मात्र खुपत होती.
चार नंबरच्या गाळ्यात मिरची असो, बदाम असो,
वासाच्या रकान्यात एकच शब्द, खारट.
बग असणार. जुनी वस्तू कॅशमध्ये अडकलेली,
तीच दर ओळीत उतरतेय.
दोन वेळा कोड वाचला. मग रात्री स्वतः गेलो.

स्वेटरवर रेनकोट चढवून बसलेली बाई,
की-बोर्डवर प्लास्टिकची पिशवी ताणलेली.
"बिघाड नाय रं त्यो," म्हणाली,
"आथं खाजण व्हती. माजे बापाची.
लादी घातली म्हनून काय झाला."

मी गाळ्यात उभा राहून खोल श्वास घेतला.
अमोनिया. थंड लोखंड. मिरचीची ठसक.
बाकी काही नाही.

परत आलो तर तिने विचारलं,
"या चौकटीन किती मावतं?"
दोनशे पंचावन्न अक्षरं, मी म्हणालो.
तिने बोटं की-बोर्डवर ठेवली,
पिशवी चुरचुरली,
बराच वेळ ती पडद्याकडे बघत राहिली
जसं कुणी बांधावर उभं राहून बघतं
भरती कुठवर येईल ते.

काट्यावर ट्रक चढला. हॉर्न.
तिने 'खारट' लिहिलं, एंटर मारलं.
ख, काना, र, ट.
दोनशे एकावन्न जागा रिकाम्या.